कोल्हापुरात गाळा सुरू करण्यापूर्वी : अंतर्गत कामाची अंतिम मंजुरी कशी मिळवावी

कोल्हापुरात नवे दुकान, कार्यालय किंवा हॉटेल काढायचे ठरले की बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी मुहूर्त धरला जातो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा दिवाळीचा पाडवा अशी तारीख नक्की होते, त्या तारखेपासून मागे मोजत सुतार, वायरमन आणि पीओपीवाले कामाला लावले जातात आणि परवानग्यांचा विषय निमंत्रणपत्रिका छापायला गेल्यावर निघतो. हा क्रम बदलावा, यासाठीच हे लिहीत आहे. अंतिम पाहणीला येणारा अधिकारी नगररचना विभागाचा असो, अग्निशमन विभागाचा असो की अन्न व औषध प्रशासनाचा, तो मुळात एकच गोष्ट पडताळतो : मंजूर कागदावर जे दाखवले आहे तेच जागेवर उभे आहे का. हे दोन्ही जुळत असतील तर पाहणी विनासायास पार पडते. जुळत नसतील तर कितीही सुंदर फर्निचर असले तरी ते उचकटावे लागते, किंवा सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत भाडे भरत शटर खाली ठेवून बसावे लागते. म्हणून कागद आणि जागा यांची सांगड पहिल्या दिवसापासून कशी घालावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

गाळा ताब्यात घेण्यापूर्वी

आपल्या अंतर्गत कामाला मंजुरी मिळणे हे मूळ इमारतीच्या कागदांवर अवलंबून असते, आणि ही बाब भाडेकरूला बहुधा करार झाल्यानंतर कळते. ज्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच (इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण असून वापरता येईल असा दाखला) मिळालेले नाही, तिच्यातील एखाद्या गाळ्याचे काम नियमानुसार पूर्ण झाल्याचा दाखला कोणीही देऊ शकत नाही. त्यामुळे अनामत रक्कम देण्यापूर्वी मालकाकडून मंजूर नकाशाची प्रत, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत पत्रिकेचा उतारा आणि घरफाळा व पाणीपट्टीच्या चालू वर्षाच्या पावत्या मागून घ्याव्यात. मालक 'सगळे आहे, नंतर देतो' असे म्हणाला तर नगररचना विभागाकडे अर्ज करून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत स्वतः काढावी. माहिती अधिकाराचा मार्गही खुला आहेच.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा महाद्वार रोडच्या आसपासच्या जुन्या इमारतींत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथील अनेक बांधकामे आजच्या नियमांच्या कितीतरी आधीची आहेत आणि त्यांचे नकाशे सहजासहजी हाती लागत नाहीत. अशा वेळी मिळकत पत्रिका, घरफाळ्याचा जुना आकारणी उतारा आणि पूर्वी कधी दुरुस्तीची परवानगी घेतली असल्यास तिचे पत्र, यांवरून इमारतीची अधिकृत स्थिती उभी करावी लागते. हे काम आर्किटेक्टकडून करार होण्यापूर्वीच करून घ्यावे. अंबाबाई मंदिर, भवानी मंडप आणि जुना राजवाडा यांच्या परिसरात जागा घेत असाल तर इमारत वारसा यादीत आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. यादीतील इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर वारसा समितीची संमती लागते आणि झगमगीत पत्र्याचा दर्शनी भाग तेथे चालत नाही.

भाडेकरारात दोन कलमे आवर्जून घालावीत. पहिले असे की, इमारतीशी संबंधित सर्व दाखले आणि संमतिपत्रे पुरवण्याची जबाबदारी मालकाची राहील. दुसरे असे की, भाडे ताब्याच्या तारखेपासून सुरू न होता ठरावीक मुदतीनंतर किंवा मंजुरी मिळाल्यापासून सुरू होईल. दुसऱ्या कलमाला मालक सहसा पटकन तयार होत नाहीत, तरीही त्यावर बोलणी करावीत, कारण मंजुरी लांबली तर खिशातून जाणारा सर्वांत मोठा खर्च भाड्याचाच असतो.

अर्ज कोणाकडे करायचा, हा प्रश्नही येथेच सुटला पाहिजे. शहराच्या हद्दीत कोल्हापूर महानगरपालिका हे नियोजन प्राधिकरण आहे. हद्दीबाहेरील 42 गावांसाठी 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, तर शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत एमआयडीसी स्वतः परवानगी देते. हद्दवाढीचा विषय सतत चर्चेत असल्यामुळे सीमेवरच्या जागेबाबत लोकांच्या सांगण्यावर विसंबू नये. मिळकत पत्रिका किंवा सात-बारा उतारा घेऊन संबंधित कार्यालयात जाऊन खात्री करावी.

कोणत्या कामाला बांधकाम परवानगी लागते

रंग, फरशी, प्लास्टर, फॉल्स सीलिंग, काउंटर, कपाटे यांसारख्या कामांना सर्वसाधारणपणे बांधकाम परवानगी लागत नाही. त्यामुळेच 'आपले तर फक्त फर्निचर आहे' असा समज पसरतो. काम सुरू झाल्यावर मात्र त्या फर्निचरच्या आड पोटमजला चढतो, दोन गाळ्यांमधली भिंत जाते, मागच्या सामायिक मोकळ्या जागेत स्वयंपाकघरासाठी पत्र्याची शेड येते, शौचालयाची जागा बदलते आणि वरच्या मजल्यावर जाण्यासाठी स्लॅबला भोक पाडून जिना बसतो. यांतील प्रत्येक कामाला पूर्वपरवानगी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधील 'विकास' या संज्ञेत इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदलसुद्धा येतो, म्हणजे एक वीटही न हलवता राहत्या फ्लॅटचे कार्यालय किंवा गोदामाचे हॉटेल केले तरी परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सुरू झाले आणि शहरात कार्यालयाच्या जागांचा शोध वाढला. सदनिका घेऊन तिचे पूर्ण वेळ कार्यालय करू पाहणाऱ्यांनी ही तरतूद विशेष ध्यानात घ्यावी.

वापर बदलला की वाहनतळ, शौचालये आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांची गरजही बदलते, आणि ही गणिते डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार होतात. कापडाच्या दुकानाला पुरेसा असलेला वाहनतळ हॉटेलला पुरत नाही. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत गाडी लावण्याची स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तळघराचे तर स्पष्टच सांगतो : मंजूर नकाशात तळघर वाहनतळासाठी दाखवलेले असेल तर तेथे ग्राहकांना बसवण्याचा विचारही करू नये.

दोन गाळे एक करताना मधली भिंत ही केवळ आडोसा आहे की भार वाहणारी आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन ठरवले पाहिजे. आरसीसी इमारतीत ती बहुधा भराव भिंत असते. जुन्या पेठांतील दगडविटांच्या इमारतींत मात्र वरच्या मजल्याचे लाकडी पाट त्याच भिंतीवर टेकलेले असतात. अशा भिंतीत दारापुरते जरी भगदाड पाडायचे असले तरी आधी टेकू, मग लोखंडी बीम आणि त्यानंतर फोडणे, हा क्रम लेखी रेखाटनानुसार पाळावा. बँकेची किंवा सराफी दुकानाची जड तिजोरी, पाण्याची टाकी, पुस्तकांची दाट कपाटे वरच्या मजल्यावर ठेवायची असतील तेव्हाही स्लॅब तो भार पेलेल असा इंजिनिअरचा दाखला घ्यावा. संरचनात्मक स्थैर्याचा हा दाखला पुढे अंतिम अर्जासोबत जोडायचा असतो आणि इंजिनिअरने कामाच्या वेळी जागा पाहिलेलीच नसेल तर तो शेवटी सही करण्यास नकार देतो. त्याचा नकार रास्तच असतो.

अग्निसुरक्षा

या विषयावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण अंतिम मंजुरी सर्वाधिक वेळा येथे अडते आणि अडणेच योग्य असते. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, ते दृश्य कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोरून अजून गेलेले नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या वास्तूची ही गत होत असेल, तर प्लायवूड, फोम आणि पडद्यांनी भरलेल्या आपल्या गाळ्याला किती वेळ लागेल, याचा विचार प्रत्येक व्यावसायिकाने करावा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार अग्निसुरक्षेची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. भाडेकरू हा भोगवटादार असतो, म्हणून 'ते मालकाचे काम' असे म्हणून हात झटकता येत नाहीत. यंत्रणा बसवण्याचे काम राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे लागते आणि काम पूर्ण झाल्यावर ती संस्था प्रपत्र 'अ' मध्ये तसे प्रमाणित करते. नेहमीच्या ओळखीच्या दुकानदाराकडून चार अग्निशामके आणून भिंतीला टांगली तर ती उपयोगी पडतील, पण प्रपत्र 'अ' मिळणार नाही आणि त्यावाचून महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाचा अंतिम ना हरकत दाखलाही मिळणार नाही. म्हणून संस्था नेमताना तिच्या परवान्याची मुदत आणि परवान्यात नमूद असलेले कामाचे प्रकार आधी पाहावेत.

काम सुरू करण्यापूर्वी अंतर्गत आराखडा अग्निशमन विभागाला दाखवून प्राथमिक ना हरकत घ्यावी. त्या पत्रात जितक्या अटी असतील तितक्या एका कागदावर उतरवून प्रत्येकीसमोर ती कोण आणि कधी पूर्ण करणार हे लिहावे. अंतिम पाहणी याच अटींच्या क्रमाने होते. दुकान ज्या मोठ्या संकुलात आहे तेथे आधीच स्प्रिंकलर आणि धोक्याची घंटा असेल, तर आपल्या गाळ्यातील नवी रचना त्या यंत्रणेशी जोडलेली असली पाहिजे. फॉल्स सीलिंग खाली उतरवताना स्प्रिंकलरची तोंडे वरच राहून गेली, असे प्रकार वारंवार आढळतात. छताच्या वर लपलेला स्प्रिंकलर खालच्या आगीला वेळेवर दाद देत नाही. गाळ्याच्या मध्ये नव्या पडद्या (पार्टिशन) उभ्या केल्या की पूर्वी एका धूरसंवेदकाखाली येणाऱ्या जागेच्या दोन खोल्या होतात आणि दुसरी खोली उघडी पडते; पडद्यांची जागा बदलली की संवेदकांची मांडणीही नव्याने तपासावी.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मधील काही आकडे जवळ ठेवावेत. बाहेर पडण्याचा दरवाजा किमान 1 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच असावा आणि तो बाहेरच्या बाजूस उघडणारा असावा. सभागृहासारख्या गर्दीच्या जागी हीच किमान रुंदी 2 मीटर होते. आतल्या माणसाला किल्लीशिवाय तो उघडता आला पाहिजे. दुकाने आणि कार्यालये यांच्यासाठी नेहमीच्या आरसीसी बांधकामात निर्गमनापर्यंतचे चालण्याचे अंतर 30 मीटरपेक्षा जास्त असू नये, आणि हे अंतर सरळ रेषेत न मोजता टेबले, रॅक आणि काउंटर यांना वळसे घालत मोजायचे असते. नकाशावर सरळ पट्टी ठेवून मोजलेले अंतर फर्निचर लागल्यावर पुष्कळ वाढते, म्हणून फर्निचरसहितचा आराखडाच अर्जाला जोडावा.

मागच्या दरवाजाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. पाहणीच्या वेळी मी कित्येकदा पाहिले आहे की अधिकारी आत शिरल्यावर प्रथम दर्शनी सजावटीकडे बघत नाही; तो थेट मागच्या दाराशी जातो आणि कडी काढून दार ढकलतो. दार अर्धे उघडते आणि पलीकडे रचलेल्या खोक्यांना आपटून थांबते, किंवा वरच्या बिजागरीपाशी लावलेले जादा कुलूप दिसते, किंवा दार उघडते पण बाहेरच्या बोळात शेजाऱ्याची दुचाकी आडवी उभी असते. तेथेच शेरा पडतो. मार्ग नकाशावर असून भागत नाही, तो रस्त्यापर्यंत अखंड मोकळा असावा लागतो. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी दिवे बंद करून, फक्त आणीबाणीच्या दिव्यांच्या उजेडात, दुकानाच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत स्वतः चालत जावे. वाटेत जे पायाला लागेल ते हलवावे.

वीज, पाणी आणि पूर

नवी वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी, कारण भार वाढवून घेण्यासाठी किंवा नव्या जोडणीसाठी महावितरणला त्याच ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. अहवालात इन्सुलेशनची मेगर चाचणी (वायरच्या आवरणातून वीज गळत नाही ना, याची तपासणी) आणि अर्थिंगचे मोजमाप खरोखर जागेवर घेतलेले असावे. एसी, कॉफी यंत्र, डीप फ्रीजर यांचा भार आधी जमेस धरला नाही तर जुन्या जोडणीवर सगळे चालवण्याचा मोह होतो आणि उद्घाटनाच्या गर्दीत फ्यूज उडतो. राहत्या जागेच्या जोडणीवर व्यवसाय सुरू केल्यास विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 नुसार अनधिकृत वापराची आकारणी होऊ शकते, म्हणून वाणिज्य वर्गवारीत बदल करून घेणे हे काम यादीत वरच्या बाजूस ठेवावे. लिफ्ट असेल तर तिचा परवाना स्वतंत्र असतो. जनित्र बसवणार असाल तर विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीची गरज ठेकेदाराकडून आधीच विचारून घ्यावी.

वितरण पेटीतील प्रत्येक एमसीबीखाली (जादा भार आल्यास आपोआप बंद होणारे बटण) तो कशाचा आहे हे मराठीत लिहून ठेवावे. आग किंवा धक्क्याच्या प्रसंगी पेटीपुढे उभा राहणारा माणूस वायरमन नसतो, तो काउंटरवरचा मुलगा असतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवला आहे का, त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडतो का, हे पाहणीपूर्वी करून बघावे.

व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क या भागांत जागा घेणाऱ्यांनी आणखी एक बाब आराखड्यातच धरावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, आणि 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. आपली जागा निळ्या किंवा लाल पूररेषेच्या (नकाशावर आखलेल्या पूरक्षेत्राच्या हद्दी) आत येते का, हे नगररचना विभागातून समजून घ्यावे, कारण पूररेषेतील बांधकामावर स्वतंत्र निर्बंध आहेत. नियम काहीही परवानगी देत असला तरी मीटर, वितरण पेटी आणि इन्व्हर्टर शेजाऱ्यांनी दाखवलेल्या पुराच्या खुणेच्या वर बसवावेत आणि जमिनीलगतच्या सॉकेटसाठी वेगळा एमसीबी ठेवावा. मंजुरी देणारा हे विचारील किंवा विचारणार नाही, पण पहिल्याच पावसाळ्यात त्याची किंमत कळते.

हॉटेल किंवा खाद्यगृह असेल तर

खाद्यव्यवसायाला वर सांगितलेल्या सर्व गोष्टी लागू होतात आणि त्यांत भर पडते ती अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 नुसार नोंदणी किंवा परवान्याची. उलाढालीनुसार यांपैकी काय लागते ते ठरते, अर्ज ऑनलाइन होतो आणि मिळालेला 14 अंकी क्रमांक दर्शनी जागी लावावा लागतो. स्वयंपाकघराच्या आराखड्यात कच्चा माल येण्याची वाट आणि तयार पदार्थ जाण्याची वाट वेगळी ठेवली, हात धुण्याचे बेसिन भांड्यांच्या सिंकपासून वेगळे ठेवले आणि भिंतींना धुता येईल असा गुळगुळीत पृष्ठभाग दिला, तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या बहुतेक अपेक्षा बांधतानाच पूर्ण होतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आणि मिसळीच्या आपल्या शहरात तर्रीचे तेल थेट गटारात जाऊन नळ्या तुंबतात, आणि तेच पाणी पुढे जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जाते. म्हणून सिंकच्या सांडपाण्यावर ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी पेटी) बसवणे टाळू नये. त्याचे झाकण रोज उघडता येईल अशा जागी तो असावा, ओट्याखाली कायमचा गाडलेला नसावा.

व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा असतो आणि परवान्याशिवाय साठवता येणाऱ्या एलपीजीची मर्यादा गॅस सिलिंडर नियम, 2016 नुसार 100 किलो आहे, म्हणजे भरलेले पाच सिलिंडर ही व्यवहारातील सीमा झाली. सिलिंडर स्वयंपाकघरात न ठेवता बाहेरच्या बाजूस हवेशीर जाळीच्या खोलीत ठेवून नळीने गॅस आत आणावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे गॅसगळतीचा संवेदक छताला लावू नये, तो जमिनीजवळ असावा. चिमणीचा धूर शेजारच्या खिडकीत सोडला तर परवान्याआधी तक्रारच पोहोचते, हेही येथेच नोंदवतो.

झाकण्यापूर्वी नोंद

सुताराचे आणि पीओपीचे काम सुरू झाले की वायरचे पाइप, सांडपाण्याच्या नळ्या, स्प्रिंकलरच्या वाहिन्या आणि शौचालयाचे वॉटरप्रूफिंग नजरेआड जाते. प्रत्येक भाग झाकण्यापूर्वी मोजपट्टी धरून तारखेसह छायाचित्रे काढावीत, पाण्याच्या व स्प्रिंकलरच्या वाहिन्यांची दाबचाचणी घेऊन तिची नोंद ठेकेदाराच्या सहीने ठेवावी आणि शौचालयाच्या फरशीवर पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावर ओल येते का ते पाहावे. छत बंद झाल्यावर शंका निघाली तर ते फोडण्यापलीकडे उपाय राहत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि ठेकेदार घाई करतो. तरीही त्या टप्प्याचे बिल ही नोंद हाती आल्याशिवाय चुकते करू नये.

अर्ज आणि पाहणी

काम संपत आले की आर्किटेक्टकडून जागेचे पुन्हा मोजमाप घेऊन प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा तयार करून घ्यावा आणि तो मंजूर नकाशावर ठेवून ताडून पाहावा. भिंत चार इंच सरकलेली असते, दरवाजा दुसऱ्या बाजूला उघडणारा झालेला असतो, उताराचा रॅम्प जागेअभावी आखूड व म्हणून तीव्र झालेला असतो. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सुगम्यतेच्या निकषांत न बसणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, त्यामुळे रॅम्पच्या तोंडाशी कुंड्या आणि फलक ठेवून तो केवळ नावापुरता उरवू नये. सापडलेला फरक किरकोळ असेल तर जागेवर दुरुस्त करावा. मोठा असेल तर अंतिम अर्ज करण्यापूर्वीच सुधारित नकाशा दाखल करावा. 'पाहणीत कळले तर बघू' हा विचार महागात पडतो, कारण पाहणीतील शेरा नोंदीवर जातो आणि त्यानंतरचा प्रत्येक टप्पा त्याचे उत्तर मागतो.

अर्जासोबत कामपूर्तीचे पत्र, आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल इंजिनिअर यांचे दाखले, प्रपत्र 'अ', अग्निशमनचा अंतिम ना हरकत दाखला, विद्युत चाचणी अहवाल, भाडेकरार, मालकाचे संमतिपत्र आणि घरफाळा व पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागतो. यांतील थकबाकीचा दाखला अनेकांना अनपेक्षितपणे अडवतो, कारण थकबाकी आपली नसते, मालकाची किंवा आधीच्या भाडेकरूची असते. सुरुवातीलाच पावत्या मागून घ्या असे म्हटले, त्यामागे हेही एक कारण आहे. सर्व कागदांवर गाळा क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक आणि मालकाचे नाव एकसारखे असावे. एका कागदावर वडिलांचे नाव आणि दुसऱ्यावर मुलाचे, एवढ्यावरूनही प्रकरण परत येते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 263 नुसार काम पूर्ण झाल्यापासून एक महिन्याच्या आत कामपूर्तीची सूचना द्यावी लागते आणि परवानगी मिळेपर्यंत त्या जागेचा वापर करता येत नाही. सूचना मिळाल्यापासून 21 दिवसांत नकार कळवला गेला नाही, तर वापराची मोकळीक या कलमात आहे. या तरतुदीचा आधार घेऊन शटर उघडावे, असे मी सुचवणार नाही. तिचा लाभ मंजूर नकाशाप्रमाणे झालेल्या निर्दोष कामालाच मिळू शकतो, आणि काम निर्दोष असेल तर पाठपुरावा करून लेखी प्रमाणपत्र घेणेच हिताचे असते; बँक, विमा कंपनी आणि पुढचे परवाने देणारे विभाग लेखी कागदच मागतात. पाठपुराव्यासाठी पोचपावती व अर्ज क्रमांक जपून ठेवावा. अधिसूचित सेवेला विहित मुदतीपेक्षा उशीर झाला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार 30 दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. अपिलाचा मसुदा सभ्य आणि तारखांसह असावा, त्यात कोणावर आरोप करू नयेत.

पाहणीच्या दिवशी मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी, आर्किटेक्ट, विद्युत ठेकेदार आणि अग्निसुरक्षा संस्थेचा माणूस हे चौघेही जागेवर हवेत. वीज आणि पाणी चालू असावे, होज रील (आग विझवण्याची गुंडाळलेली पाण्याची नळी) उघडून दाखवता यावी, धोक्याची घंटा वाजवून दाखवता यावी. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष कामाचा नकाशा शेजारीशेजारी टेबलावर पसरून ठेवावेत. विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर द्यावे आणि उत्तर माहीत नसेल तर 'पाहून लेखी कळवतो' असे सांगावे. शेरे तोंडी मिळाले तर ते त्याच दिवशी स्वतः लिहून काढावेत, पूर्ततेची छायाचित्रे जोडून मुद्देसूद पत्राने उत्तर द्यावे आणि फेरपाहणीची विनंतीही त्याच पत्रात करावी. जागेचा एखादा भाग पूर्ण तयार असेल आणि उरलेला नसेल, तर भागशः भोगवट्याची तरतूद आहे. मात्र तयार भागाचे निर्गमन, शौचालय आणि अग्निसुरक्षा स्वतंत्रपणे पूर्ण असली पाहिजे.

या काळात व्यवसाय परवाना आणि नामफलकाची परवानगी यांचे अर्जही पुढे सरकवता येतात. नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे दुकाने व आस्थापना कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर कामगारसंख्या कितीही असली तरी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. पेंटरला फलकाची ऑर्डर देण्यापूर्वी हे सांगितले तर फलक दोनदा करावा लागत नाही. दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार कामगारसंख्येप्रमाणे नोंदणी करायची की नुसती सूचना द्यायची, हे ऑनलाइन अर्ज भरतानाच स्पष्ट होते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर

प्रमाणपत्रावरील गाळा क्रमांक, क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार कार्यालयातच वाचून घ्यावा, कारण चूक असल्यास तेथल्या तेथे दुरुस्त करून घेणे सोपे असते. त्यानंतर घरफाळा विभागाला वापरातील बदल कळवावा आणि विमा पॉलिसीत प्रमाणपत्राची प्रत जोडावी. सर्व दाखले, मंजूर नकाशा आणि झाकलेल्या कामांची छायाचित्रे यांची एक फाइल दुकानातच, काउंटरच्या मागे ठेवावी. अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रपत्र 'ब' दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन विभागाला सादर करावे लागते, त्यामुळे संस्थेशी देखभालीचा वार्षिक करार उद्घाटनाआधीच करून टाकावा.